पांढरी सहाला जुळणारा गोव्याचा वाद्यवृंद

आमच्या फोंडा तालुक्यात गाणाऱ्या माणसाशी ओळख झाली की गाव आणि कूळ विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पट्टी कोणती?" पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी एक सांगतो, बाई काळी चार किंवा पाच. पेटीच्या त्या क्रमांकाच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवले, तिलाच सा धरला, की भजन सुरू. पट्टी ज्याची त्याची. गायिका केसरबाई केरकर आणि नाट्यगायक दीनानाथ मंगेशकर ज्या मातीतून आले त्या मातीत मी वाढलो, आणि सगळ्यांचा मिळून एकच सूर बाहेरून ठरवून दिलेला असू शकतो, हे दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत माझ्या गावीही नव्हते.

मग एका संध्याकाळी बाबा मला पणजीला, कांपालच्या कला अकादमीत घेऊन गेले. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्या दिवशी मात्र रंगमंचावर पेटी नव्हती, तबला नव्हता, खुर्च्यांच्या कमानी होत्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे कागद ठेवायची घोडी. माणसे आपापले काहीतरी वाजवत होती, नुसता कोलाहल. मग सगळे थांबले. मधल्या रांगेतल्या एका बारीक काळ्या वाद्यातून, सनईच्या जातीचा, एक सरळ लांब सूर आला. आणि सगळी व्हायोलिने त्या सुराकडे सरकत गेली. बाबा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पांढरी सहा."

ते वाद्य ओबो. सनईसारखीच दोन पात्यांची जिव्हाळी असते त्याला. त्याचा सूर टोकदार असतो, गर्दीतून आरपार जातो, आणि वाजवणाऱ्याला तो ऐनवेळी फारसा वरखाली करता येत नाही. व्हायोलिनची खुंटी पिळता येते, ओबोला खुंटी नाही. म्हणून ज्याला हलता येते त्याने न हलणाऱ्याशी जुळवून घ्यायचे. तो सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपने, आपल्या पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा. आज जगातले बहुतेक वाद्यवृंद याच्या आसपास जुळतात.

त्या रात्रीपासून मला एक प्रश्न पडला आहे. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या, त्यावरच्या सुवारी-वादनाच्या, भजनाच्या या गोव्यात असा वाद्यवृंद आला कुठून, टिकला कसा, आणि मधूनमधून विरळ का होत गेला? उत्तर समजायला आधी वाद्यवृंद म्हणजे नेमके काय ते पाहावे लागेल. मराठी वाचकाला ते सांगायचे तर आपल्याच गाण्यावरून सांगणे सोपे.

आपल्या मैफलीत एक गायक असतो, बाकीचे त्याच्या मागून जातात. पेटीवाला गाण्याची सावली धरतो, तबलजी ठेका देतो. राग ठरलेला, बंदिश ठरलेली, पण पुढच्या क्षणाला काय येणार ते कुणालाच ठाऊक नसते. मोठेपण त्यातच आहे. वाद्यवृंदात याच्या नेमके उलट. पन्नास-साठ माणसे एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एक आवाज तयार होतो. पहिली व्हायोलिने चाल वाजवत असतील तर दुसरी व्हायोलिने तिच्या खालून चालतात, त्यांच्याखाली व्हायोला, मग चेलो, तळाशी डबल बास. एकाने मनाने एखादी हरकत घेतली तर बाकीच्यांचे सूर तिला टोचतील. म्हणून सगळे लिहून ठेवावे लागते.

हे लिहिणे आपल्या स्वरलिपीसारखे नाही. भातखंडेंच्या लिपीतून बंदिश शिकता येते, पण ती आठवणीची काठी असते, गाताना कुणी पुस्तक समोर धरत नाही. स्टाफ नोटेशन हा हुकूम असतो. पाच आडव्या रेघा, त्यांवर आणि त्यांच्या मधल्या जागांत टिंबे: टिंब किती उंच यावरून सूर, टिंबाच्या आकारावरून किती वेळ. शिवाय किती जोरात, गज वर ओढायचा की खाली, कुठे थांबायचे. वाजवणाऱ्यापुढे फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो. सगळ्यांचे सगळे सूर एकाखाली एक लिहिलेले जाडजूड बाड फक्त हातात छडी घेऊन उभ्या असलेल्या संचालकापुढे असते. ट्रंपेटवाल्याच्या कागदावर कधीकधी पन्नास-साठ मात्रा नुसता विराम असतो. त्याने मनात मोजत बसायचे आणि नेमक्या मात्रेवर तुटून पडायचे.

छडीवाल्या माणसाविषयी लोक मला नेहमी विचारतात, तो नक्की करतो काय? तो ठेका देतो, पण मुका ठेका. चार मात्रांच्या तालात हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. खाली येणारा हात म्हणजे सम. तबला का नको, तर आवाजाला प्रवास करायला वेळ लागतो. रंगमंचाच्या एका टोकाचा आवाज पंधरा मीटरवरच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सेकंदाचे चार शतांश जातात. ऐकून वाजवायला गेले तर मागची रांग कायम मागेच राहील. डोळ्यांना दिसणारी सम सगळ्यांना एकदम दिसते.

आणि व्हायोलिने इतकी का लागतात? कारण व्हायोलिन एकटे असताना मोठ्या सभागृहात बारीक वाटते, आणि संख्या वाढवली तरी आवाज त्या पटीत वाढत नाही. एकाच्या जागी दहा व्हायोलिने बसवली तर आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो, दहापट नाही. दहाजणांचे सूर केसभर इकडेतिकडे असतात आणि त्या केसभर फरकांतून तो रेशमी आवाज येतो. मोठ्या वाद्यवृंदात सोळा पहिली, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो, आठ डबल बास अशी मांडणी असते. नुसती तंतुवाद्येच साठ झाली.

थोडक्यात, वाद्यवृंदाला चार-पाच अलौकिक कलाकार असून भागत नाही. कागद वाचता येणारी, मोजून वाजवणारी, शेजाऱ्याच्या गजाबरोबर आपला गज हलवणारी साधी, तयार माणसे साठ-सत्तर लागतात. ती एका वर्षात तयार होत नाहीत. ती एखाद्या समाजात आधीपासून असावी लागतात.

गोव्यात ती होती.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५४५ च्या सुमारास चर्चला जोडून गावशाळा सुरू झाल्या. तिथे वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि त्याबरोबर संगीत शिकवले जाई. शिकवणारा तो मेस्त्र, आपला मास्तर. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वाजवायला आणि चार आवाजांत गायला माणसे हवीत म्हणून पोरांना आधी सोल्फेज शिकवायचे: दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. हे ऐकल्यावर आपल्याला लगेच सारेगम आठवते, पण एक मोठा फरक आहे. आपला सा फिरता. पोर्तुगीज परंपरेतला 'दो' कुणाचाही सा नव्हे, तो कायमचा पांढरी एक. कागदावरचे टिंब दिसले की त्याचे नाव आणि त्याची उंची दोन्ही ठरलेली. मेस्त्र हातावर छडी मारून मारून ते पाठ करून घेई असे म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकले आहे. नंतर रेबेक हातात यायचा. गोव्याच्या कोकणीत व्हायोलिनला आजही रेबेक म्हणतात.

इथे एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या दशकांत त्या शाळांत पोरे दो-रे-मी म्हणत होती, त्याच दशकांत तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळे पाडली जात होती. देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे येत होते, कारण इथे अजून पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. त्या देवळांच्या आश्रयाने कलावंत घराणी राहिली, गाणे-वाजवणे टिकले, आणि कित्येक पिढ्यांनी त्याच मंगेशीत १९०० मध्ये दीनानाथ मंगेशकर जन्मले. गोव्याचे दोन्ही संगीत एकाच फाळणीतून वाढले. नदीच्या एका काठाला रेबेक, दुसऱ्या काठाला तंबोरा. मधे सुमारे चारशे वर्षे.

घुमट मात्र दोन्हीकडे राहिले. आमच्याकडे चवथीला सुवारीत घुमट, शामेळ आणि कासाळे, त्यांच्याकडे मांडो या कोकणी गाण्यांत घुमट आणि रेबेक. लादाइन तर मी शेजारच्या गावात कितीदा ऐकली आहे. खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, मेणबत्त्या, लॅटिनमधली प्रार्थना, एक रेबेक, आणि गावातली माणसे दोन आवाजांत गाताना. एकजण चाल गातो, दुसरा तिच्या खालच्या तिसऱ्या सुरावरून चालतो. चाल ग वर असेल तर दुसरा सा वर. त्यांना कुणी हार्मनीचा वर्ग दिलेला नसतो. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, आणि लादाइनीला जाऊन जाऊन ते कानात बसलेले असते. ज्या गावात शेतकरी आणि पदेर, म्हणजे पाववाले, संध्याकाळी दुसऱ्या आवाजात गातात, त्या गावात दुसरे व्हायोलिन वाजवणारा माणूस मिळणे अवघड नाही. माझ्या मते गोव्याच्या वाद्यवृंदाचे खरे बीज ते आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही माणसे पोटासाठी बाहेर पडू लागली. ब्रिटिश पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या पडद्यापुढे वाजवणारे ताफे, हॉटेलातला नाच. कागद वाचता येणारा वादक हवा असला की गोंयकार. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या कुडी होत्या, म्हणजे गावाने चालवलेल्या खोल्या. तिथे नोकरी मिळेपर्यंत अंथरूण मिळे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा त्यात गोव्याची माणसे होतीच. पुढे बोलपट आले. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि ती पन्नास वाद्यांना वाटून द्यायला अरेंजर लागायचा. ते काम वर्षानुवर्षे गोव्याच्या लोकांनी केले. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले मोठे नाव.

म्हणजे गोवा वादक घडवत होता आणि वाद्यवृंद मात्र मुंबईत उभे राहत होते. घरी काय उरत होते? तिथे शाळांचीही घडी मोडत चालली होती. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, चर्च आणि सरकार वेगळे झाले, आणि चर्चच्या गावशाळांचा आधार सुटू लागला. मेस्त्र काही ठिकाणी राहिले, काही ठिकाणी नाही. वरचे शिक्षण हवे असेल, व्हायोलिनचा पुढचा हात शिकायचा असेल, तर गोव्यात नीट दार नव्हते.

ते दार १९५२ मध्ये उघडले. आंतोनियो फिगेरेदो या व्हायोलिनवादक-संचालकांनी पणजीत आकादेमिया दे म्युझिका सुरू केली आणि तिच्याबरोबरच गोव्याचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. शाळा आणि वाद्यवृंद एकत्र, ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. नुसती शाळा असती तर मुले शिकून मुंबईला गेली असती. नुसता वाद्यवृंद असता तर आठ-दहा वर्षांत म्हातारा झाला असता. विद्यार्थी मागच्या खुर्चीवर बसतो, पुढच्या खुर्चीवरच्या शिक्षकाचा गज बघत वाजवतो, हळूहळू पुढे सरकतो. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसून शिकण्याची जी रीत आहे, तीच ही.

काळ मात्र सोपा नव्हता. तीन वर्षांत गोव्याची हद्द बंद झाली, रेल्वे थांबली, मुंबईशी जाणेयेणे तुटले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मग या आकादेमियाचे काय करायचे हा प्रश्न आला असणारच, कारण तिचे नाव पोर्तुगीज, तिचे संगीत युरोपचे. नव्या सरकारला ती बंद होऊ देणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि आकादेमिया तिचा पाश्चात्त्य संगीत विभाग झाली. दुसऱ्या बाजूला भारतीय संगीत आणि नृत्य, नाट्य. नदीचे दोन काठ एका संस्थेत आले.

१९८३ मध्ये मांडवीच्या काठावर त्या संस्थेची वास्तू झाली. वास्तुकार चार्ल्स कुरैय्या, मूळचे गोव्याचेच. इमारत बुटकी आहे, रस्त्यावरून दरवाजा शोधावा लागत नाही, सरळ चालत नदीपर्यंत जाता येते. मोठ्या सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी खोट्या सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत, त्यामुळे थोडीशी गर्दी असली तरी सभागृह भरलेले वाटते. आणि त्या सभागृहाचे नाव दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. मंगेशीच्या नाट्यगायकाच्या नावाच्या सभागृहात ओबो पांढरी सहा देतो आणि बीथोव्हन सुरू होतो. त्याच रंगमंचावर सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह झाला आहे. कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनी स्पर्धा तर आमच्याकडच्या प्रत्येक मंडळाला पाठ आहे. बाबांचे मंडळ तिच्यासाठी तीन-तीन महिने तालीम करायचे. लहानपणी मला यात काही विशेष वाटले नाही. आता वाटते. नूतनीकरणासाठी वास्तू काही वर्षे बंद होती, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडली. त्या बंद वर्षांत पणजीला गेलो की कांपालकडून जायचे टाळायचो.

पाश्चात्त्य विभागाचे नेतृत्व पुढे फादर लोर्दिनो बार्रेटो यांच्याकडे आले. ते काणकोणच्या गालजीबागचे, संगीताचे अभ्यासक. त्यांच्या आधीच एक वेगळेच वळण येऊन गेले होते. १९६२ ते १९६५ दरम्यान व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली आणि चर्चमधली प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायला मोकळीक मिळाली. गोव्यात कोकणी गीते आली, सगळ्यांना गाता येतील अशी. भाषेच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पण चार आवाजांचे लॅटिन संगीत गावागावांत मागे पडले, आणि ते गाण्यासाठी जे कागद वाचणे लागत होते त्याची गरजही कमी झाली. गावशाळा आधीच गेल्या होत्या. आता गावच्या चर्चमधूनही वाचणारी माणसे कमी येऊ लागली. सगळा भार एका संस्थेवर येऊन पडला.

मला विचाराल तर गोव्याच्या वाद्यवृंदाची अडचण कधीच व्हायोलिनची नव्हती. अडचण होती मधल्या वाद्यांची. गावाच्या चर्चला, फेस्ताच्या बँडला जे लागते ते गावात पिकते: रेबेक, क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न, व्हायोला यांचे गावात काम नसते. व्हायोला घ्या. दिसायला व्हायोलिनच, जरा मोठा, आणि त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली. त्याच्या वाट्याला चाल क्वचित येते. त्याची लिपीही वेगळी, टिंबांच्या जागा दुसऱ्या, म्हणजे व्हायोलिनवाल्याला पुन्हा वाचायला शिकावे लागते. लग्नात कुणी व्हायोला वाजवायला बोलवत नाही. मग कोण शिकणार? पण व्हायोला काढून टाका आणि वाद्यवृंद ऐका: वरून चाल, खालून बास, आणि मधे पोकळ.

क्लॅरिनेटची गंमत पेटीवाल्यांना लगेच कळेल. त्याच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असते आणि वाद्यातून निघते काळी पाच. आपल्या स्केल चेंजर पेटीवर पट्टी सरकवल्यावर बोट पांढऱ्या एकवर आणि सूर दुसराच, तसे. फ्रेंच हॉर्नचे अंतर आणखी निराळे. संचालकाला हे सगळे एका नजरेत वाचून मनात एका पट्टीवर आणावे लागते. म्हणून संचालक घडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तोही गोव्यात घडला तर बाहेर जातो.

बाहेर जातो, कारण पगार. पूर्ण वेळ पगारावर जगणारा सिंफनी वाद्यवृंद गोव्यात उभा राहिला नाही. लोक दिवसा शिकवतात, नोकरी करतात, रात्री हॉटेलात वाजवतात आणि कार्यक्रम ठरला की तालमीला येतात. ज्याला दुपारी दुकान उघडायचे आहे त्याने सकाळी सोळा मात्रांची एक ओळ चाळीस वेळा घासायची, हे केवळ प्रेमावर चालते. मुंबईच्या स्टुडिओंनी काही दशके या प्रेमाला पैसे दिले. ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला, एका माणसाच्या बोटांखाली पन्नास व्हायोलिने मावू लागली आणि ते काम आटले. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, पगारी आणि व्यावसायिक. त्यातले बरेच वादक परदेशातून आणावे लागले. ज्या किनाऱ्याने चारशे वर्षे वादक घडवले, त्याच्या शेजारच्या शहरात वादक बाहेरून आणायची वेळ आली, याचे मला मनापासून दुःख आहे.

या सगळ्यात एक प्रयोग असा झाला की तो गोव्याच्या शाळकरी मुलांना शिकवायला हवा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. मुंबईत सिनेमासाठी व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचेच विद्यार्थी. त्यांना एकच ध्यास होता: रागदारी सिंफनीच्या कागदावर मांडायची. अवघड का, तर रागाचा जीव मींडीत आणि श्रुतीत, दोन सुरांच्या मधल्या जागेत. आणि कागदावर टिंब असते, मधली जागा नसते. शिवाय राग एकाच सुरेल धाग्याने जातो. त्याच्याखाली दुसरे सूर ठेवायचे तर रागात वर्ज्य असलेला सूर चोरपावलांनी शिरतो. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, सारंग रागावर रचना केली. गायला होते मन्ना डे आणि लता मंगेशकर. माजोर्ड्याचा रेबेक आणि मंगेशीचा गळा एका रंगमंचावर आला, पण मुंबईत. गोव्यात तेव्हा ते शक्यच नव्हते, हद्द बंद होती. त्यांचा वाद्यवृंद पैशाअभावी फार चालला नाही. २०१२ मध्ये ते गोव्यात वारले.

आता परत आज. कला अकादमीच्या पाश्चात्त्य विभागात मुले व्हायोलिन, पियानो, गिटार, गाणे शिकतात, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा गोव्यात बसून देतात. २००९ पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था गरीब घरांतल्या मुलांच्या हाती तंतुवाद्ये देते, आणि त्यात नुसते व्हायोलिन नाही, व्हायोला आणि चेलोही आहे. मधली वाद्ये कुणीतरी जाणूनबुजून लावते आहे हे पाहून बरे वाटते.

माझी भाची व्हायोला शिकते. आमच्या घरात पाच पिढ्या पेटी आणि पखवाज, हे पहिलेच असे वाद्य. तिची आजी, म्हणजे माझी आई, सुरुवातीला म्हणायची, "बाये, ह्याला चाल काही नाही गं, तू नुसतीच मधेमधे काय ओढतेस?" तिला घरी एकटीला सराव करताना ऐकले तर खरेच तसे वाटते. पावसाळ्यात तर हाल. हवेतली ओल वाढली की गजाचे घोड्याच्या शेपटीचे केस सैल पडतात, लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, आणि जुन्या पद्धतीच्या सरसाने जोडलेले वाद्य असेल तर सांधा सुटतो. मागच्या श्रावणात तिच्या व्हायोलाची पाठ कडेने उकलली. तबल्याचा शाई-पुडीचा माणूस आमच्याकडे हाकेवर आहे. व्हायोलाची पाठ चिकटवणारा शोधताना मात्र सहा फोन झाले.

गेल्या हिवाळ्यात तिचा कार्यक्रम होता. आईला पुढून चौथ्या रांगेत बसवले. वादक आले, कोलाहल झाला, थांबला. ओबोने सूर दिला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "सहा ना रे, पांढरी?" मग हात खाली आला. व्हायोलिनांनी चाल उचलली आणि तिसऱ्या ओळीपाशी ती एकदम खाली, मधल्या रांगांत उतरली. व्हायोलांकडे. आठ मात्रा. आईने माझा हात धरून ठेवला होता तो आठ मात्रा सोडला नाही.

गाडीत बसल्यावर तिने भाचीला तेवढाच तुकडा परत वाजवायला सांगितला. भाची म्हणाली, "आज्जी, एकटीने नाही होत तो. खालून चेलो लागतो."

"मग चेलोवाल्याला घरी बोलव," आई म्हणाली. "चवथीला बोलव. जेवायलाच बोलव."